संचालक मंडळातली बाई : निवड, नेमणूक आणि सही

बदलापूर पश्चिमेला सोनिवलीकडे गेल्या काही वर्षांत जी संकुलं उभी राहिली, त्यांत तळमजल्यावर पत्रपेट्यांच्या शेजारी व्यवस्थापक समितीचा फलक लावलेला दिसतो. वर अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि खाली सदस्यांची नावं. शंभरापर्यंत सभासद असलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची समिती आदर्श उपविधींनुसार अकरा जणांची असते. सहा जागा सर्वसाधारण, दोन महिलांसाठी, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, तसेच विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी एकेक. काही फलकांवर नावापुढे कंसात ‘महिला राखीव’ असंही लिहिलेलं असतं. पाण्याचा टँकर, लिफ्टचं कंत्राट, थकबाकीदारांची यादी असे विषय ही समिती हाताळते. तिचा वार्षिक ताळेबंद काही लाखांचा.

याच इमारतींतून रोज सकाळी बदलापूर लोकलने जी माणसं मुंबईला जातात, त्यांच्यातली कितीतरी नरिमन पॉइंट, लोअर परळ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोठ्या कंपन्यांत काम करतात. त्या कंपन्यांचे ताळेबंद हजारो कोटींचे. त्यांच्या संचालक मंडळाच्या रचनेबद्दल मात्र कायदा म्हणतो, की किमान एक स्त्री असावी. मंडळ सात जणांचं असो वा पंधरांचं, आकडा एकच. जातीच्या वैविध्याबद्दल तो काहीच म्हणत नाही. अजित, डाँकर आणि सक्सेना या अभ्यासकांनी देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची सामाजिक पार्श्वभूमी तपासली आणि तो अभ्यास २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतले निघाले. रचनेपुरतं बोलायचं, तर सोनिवलीतल्या एखाद्या सात मजली इमारतीची समिती शेअर बाजारातल्या बड्या कंपनीच्या मंडळापेक्षा कागदावर अधिक सर्वसमावेशक असते. ‘कागदावर’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे, कारण या लेखाचा बराचसा भाग त्या कागदाबद्दलच आहे.

कायदा कसा आला

१९५६ च्या कंपनी कायद्यात संचालक स्त्री की पुरुष, याचा विचार नव्हता. २०१३ च्या नव्या कायद्याच्या कलम १४९ मध्ये पहिल्यांदा तो आला. सर्व नोंदणीकृत कंपन्या, आणि त्यांखेरीज ज्या सार्वजनिक मर्यादित कंपन्यांचं भरणा झालेलं भांडवल १०० कोटी किंवा उलाढाल ३०० कोटींहून कमी नाही अशा कंपन्या, यांच्या मंडळावर किमान एक स्त्री संचालक असणं बंधनकारक झालं. जागा रिकामी झाली तर पुढच्या सभेपर्यंत किंवा तीन महिन्यांत, यांपैकी जे नंतर येईल तोवर ती भरायची. ‘सेबी’ने हीच अट नोंदणी करारात घातली. तिची मुदत आधी १ ऑक्टोबर २०१४ होती, ती पुढे १ एप्रिल २०१५ झाली.

मुदत वाढवूनही शेवटच्या आठवड्यात जी धावपळ झाली, ती पाहण्यासारखी होती. मार्च २०१५ च्या अखेरच्या दिवसांत शेअर बाजारांच्या सूचना-फलकांवर स्त्री संचालकांच्या नेमणुकांची रीघ लागली. दीड वर्ष ज्या कंपन्यांना लायक बाई सापडत नव्हती, त्यांना ती एका रात्रीत सापडली. तरीही शेकडो कंपन्या राहिल्याच. मग ८ एप्रिल २०१५ रोजी सेबीने दंडाचं कोष्टक जाहीर केलं. जूनअखेरपर्यंत नेमणूक केली तर ५० हजार रुपये, त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत ५० हजार अधिक रोजचे एक हजार, आणि ऑक्टोबरपासून १ लाख ४२ हजार अधिक रोजचे पाच हजार. मोठ्या कंपनीच्या चहापाण्याच्या खर्चापेक्षाही ही रक्कम कमी भरावी. नियम न पाळणाऱ्यांत सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या, हे विशेष. संचालक नेमण्याचा अधिकार आमचा नाही, तो मंत्रालयाचा, असं त्यांचं उत्तर असे. तांत्रिकदृष्ट्या ते खरंही होतं. म्हणजे ज्या सरकारने कायदा आणला, त्याच्याच खात्यांकडे नेमणुकीच्या फायली पडून होत्या.

ज्या कंपन्यांनी वेळेत नेमणुका केल्या, त्यांतल्या अनेकींनी बाई घरातलीच निवडली. कायद्यात नातेवाईक नको अशी अट नव्हती. जून २०१४ मध्ये नीता अंबानी रिलायन्सच्या मंडळावर आल्या. त्या कंपनीच्या मंडळावरच्या त्या पहिल्या स्त्री. ठाण्याशी ज्या कंपनीचं नाव कित्येक दशकं जोडलेलं आहे, त्या रेमंडच्या मंडळावर त्याच वर्षी नवाझ सिंघानिया आल्या. या दोघी कर्तबगार आहेत की नाहीत, हा इथे प्रश्न नाही. प्रश्न असा, की प्रवर्तकाच्या पत्नीने प्रवर्तकाच्या प्रस्तावावर वेगळं मत द्यावं, अशी अपेक्षा कायद्याने नेमकी कशाच्या भरवशावर ठेवली होती?

हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही. जून २०१७ मध्ये सेबीने उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल ऑक्टोबरमध्ये आला. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीत एक स्वतंत्र स्त्री संचालक असावी, ही त्यातली एक शिफारस. ‘स्वतंत्र’ म्हणजे प्रवर्तकाशी नातं नाही आणि कंपनीशी आर्थिक हितसंबंध नाही अशी. सेबीने ती शिफारस थोडी आखडती घेऊन स्वीकारली. बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १,००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून ही अट लागू झाली. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१८ मध्ये, स्टेट बँकेच्या माजी अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य रिलायन्सच्या मंडळावर स्वतंत्र संचालक म्हणून गेल्या. एकाच मंडळावरच्या या दोन नेमणुकांत चार वर्षांचं अंतर आहे. कायद्याची समज त्या चार वर्षांत किती बदलली, ते त्यावरून दिसतं.

आकडे वाढले, हे मान्य करायला हवं. २०१३-१४ च्या सुमारास मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांत स्त्री संचालकांचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते दहा वर्षांत अठरा-वीस टक्क्यांपर्यंत आलं. सक्तीशिवाय एवढं झालं असतं असं मला वाटत नाही. आधीच्या साठ वर्षांचा अनुभव समोर आहे.

एमआयडीसीतल्या संचालिका

कायद्याची ही सगळी चर्चा नोंदणीकृत कंपन्यांची. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत मात्र चित्र उलटं आहे. आनंदनगर, मोरिवली, मानकिवली, खरवई इथे फिरताना रंग-रसायनं, औषधांचा कच्चा माल, अभियांत्रिकीची छोटी कामं करणारे जे कारखाने दिसतात, त्यांतले बरेचसे ‘प्रायव्हेट लिमिटेड’. स्त्री संचालकाची अट खासगी मर्यादित कंपनीला लागू नाही. तरीही अशा कंपन्यांत स्त्री संचालक कित्येक वर्षांपासून आहेत. कारण अगदी साधं आहे. खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात. एक नवरा. दुसरा परका माणूस घ्यायचा, तर हिस्सा आणि डोकेदुखी. म्हणून बायको, आई, क्वचित वहिनी. चार्टर्ड अकाउंटंट जिथे बोट ठेवेल तिथे सही करायची, बँकेचे कागद आले की सही करायची. वर्षाच्या शेवटी इतिवृत्तात ‘सौ. अमुक-तमुक यांनी अनुमोदन दिले’ असं टंकलेलं असतं, आणि ती सभा जेवणाच्या टेबलावरसुद्धा झालेली नसते.

विनोद म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण सहीबरोबर जबाबदारी येते.

एखाद्या कंपनीने सलग तीन वर्षं वार्षिक विवरणपत्रं दाखल केली नाहीत, तर कलम १६४ नुसार तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, याच काय पण दुसऱ्या कंपन्यांतही. २०१७ च्या सप्टेंबरात कंपनी व्यवहार मंत्रालयाने या कलमाखाली सुमारे तीन लाख संचालकांना अपात्र ठरवलं. त्यांत अशा किती सह्याजीराव बायका असतील, याची वेगळी मोजदाद कुणी केलेली नाही. पण दोन संचालकांच्या कंपनीत नवऱ्याच्या हलगर्जीपणाची शिक्षा बायकोलाही सारखीच होते, हे कलमाच्या भाषेतच आहे.

धनादेश न वटल्याच्या खटल्यांचंही तसंच. परक्राम्य लेख अधिनियमाच्या कलम १४१ खाली कंपनीबरोबर तिच्या कारभाराला जबाबदार असलेल्या व्यक्तींनाही आरोपी करता येतं. पूर्वी तक्रारदार सरसकट सगळ्या संचालकांची नावं घालत. २००५ साली ‘एस. एम. एस. फार्मास्युटिकल्स विरुद्ध नीता भल्ला’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की केवळ संचालकपद पुरेसं नाही. त्या वेळी कारभार या व्यक्तीच्या हाती होता असं तक्रारीत नेमकेपणाने म्हटलेलं हवं. मात्र व्यवस्थापकीय संचालक आणि धनादेशावर सही करणारी व्यक्ती, हे दोघे त्यांच्या पदामुळे वा सहीमुळेच जबाबदार धरले जातील. कागदोपत्री संचालिकेला यातला पहिला भाग आधार देतो. दुसरा भाग तिला अडकवतो, कारण नवरा बाहेरगावी गेल्यावर अडचण नको म्हणून बँकेत सहीचा अधिकार बहुधा तिलाही दिलेला असतो.

रसायनांच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार कंपनीचा कारखाना असेल, तर भोगवटादार म्हणून संचालकांपैकीच एकाला धरलं जातं. व्यवस्थापकाचं नाव पुढे करून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या ‘जे. के. इंडस्ट्रीज’ निकालात सांगितलं. आपल्याकडे हा विषय पुस्तकी नाही. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीत प्रोबेसचा आणि २३ मे २०२४ रोजी अमुदानचा स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. दुसऱ्या वेळी मालकांवर गुन्हा दाखल झाला. दोन संचालकांच्या कंपनीत भोगवटादार म्हणून कुणाचं नाव दिलं आहे, हे घरातल्या किती बायकांना ठाऊक असेल?

तेव्हा मोठ्या कंपन्यांत बाई मंडळावर नव्हती ही एक तक्रार, आणि छोट्या कंपन्यांत ती कधीची आहे पण तिला विचारतं कोण, ही दुसरी. दोन्ही ठिकाणी निवडणारा एकच आहे. मालकी ज्याच्याकडे, तो.

हिस्सा कुणाचा

संचालकाची नेमणूक शेवटी भागधारकांच्या मताने होते. आपल्याकडच्या बहुसंख्य कंपन्या कुटुंबांच्या ताब्यात आहेत, म्हणून मंडळावर कोण बसणार हे घरात भाग कुणाच्या नावावर आहेत यावर ठरतं. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. देशभर हा हक्क ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि त्याबद्दलचे उरलेसुरले वाद ‘विनीता शर्मा’ प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटले. अर्थात कंपनीतले भाग बहुधा स्वकष्टार्जित मालमत्ता म्हणून धरले जातात, आणि ती मृत्युपत्राने कुणालाही देता येते. त्यामुळे कायद्याने मुलीला शेतात हिस्सा मिळाला, तरी कारखान्यात मिळेलच असं नाही. तिथे बापाच्या मनावर आहे.

बापाच्या मनात आलं तर काय होतं, याचं मराठी उद्योगातलं उदाहरण म्हणजे औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, गरवारे पॉलिएस्टर. आता तिचं नाव गरवारे हाय-टेक फिल्म्स. शशिकांत गरवारे यांच्या मुली मोनिका आणि सरिता यांनी नावापुरतं पद न घेता कंपनीच्या कारभारात जागा घेतली. प्लॅस्टिक फिल्मसारख्या तांत्रिक, निर्यातप्रधान धंद्यात हे घडलं, याची नोंद आपल्या उद्योगविषयक लेखनात फारशी घेतली गेली नाही. मराठी उद्योजकांच्या चरित्रांत मुलगी बहुधा लग्नाच्या प्रकरणात येते आणि तिथेच संपते. ज्या किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक काढून मराठी घरांत एवढा वाद घडवून आणला, त्या काळातल्या मराठी कारखानदारीची संचालक मंडळंसुद्धा बाप, मुलगे, भाऊ आणि भागीदार यांचीच असत.

हिश्शाची ही गोष्ट सोनिवलीतही वेगळ्या रूपात चालू आहे. गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर उभं राहायचं, तर सभासदत्व हवं, आणि सभासदत्व येतं सदनिकेच्या करारनाम्यावरून. करारात पहिलं नाव नवऱ्याचं असलं, की बायको सहयोगी किंवा संयुक्त सभासद, आणि तिचे हक्क पहिल्या नावाच्या संमतीवर अवलंबून. १ एप्रिल २०२१ पासून राज्य सरकारने घर फक्त स्त्रीच्या वा स्त्रियांच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. चाळीस लाखांच्या घरावर चाळीस हजार रुपये. बदलापुरात घर घेणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतही घरावर स्त्रीचं नाव असण्याची अट आली. हेतू पैसे वाचवण्याचा असेल, पण परिणाम असा, की करारनाम्यावर एकटीचं नाव असलेल्या बायका आता संस्थेच्या पूर्ण सभासद आहेत. राखीव नसलेल्या सहा जागांवरही त्या उभ्या राहू शकतात, संमती कुणाची मागायची नाही. बायकांना समितीत आणण्यासाठी दिलेल्या कितीतरी भाषणांपेक्षा नोंदणी कार्यालयातल्या त्या एक टक्क्याने जास्त काम केलं असावं, असा माझा अंदाज आहे.

ज्यांना कुणी निवडलं नाही

ज्या स्त्रियांनी मंडळ चालवून दाखवलं, त्यांच्या गोष्टी पाहिल्या की एक गंमत लक्षात येते. त्यांतल्या बहुतेकींना कुठल्याही निवड समितीने बोलावलेलं नव्हतं.

पुण्याच्या थरमॅक्समध्ये अनु आगा मनुष्यबळ विभाग सांभाळत होत्या. १९९६ साली पती रोहिंटन यांचं अचानक निधन झालं, आणि त्या अध्यक्ष झाल्या. पुढच्या काही वर्षांत कंपनीची घसरण झाली, शेअरचा भाव कोसळला. एका निनावी भागधारकाने पत्र लिहून तुम्ही आम्हाला दगा दिलात अशा अर्थाचं सुनावलं, हे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, गाभ्याबाहेरचे उद्योग बंद केले, आणि संचालक मंडळाचीही पुनर्रचना करून बाहेरच्या माणसांचं वजन वाढवलं. कंपनी सावरल्यावर २००४ मध्ये त्या बाजूला झाल्या आणि कन्या मेहेर पदमजी अध्यक्ष झाल्या. घरातली बाई म्हणून मिळालेली खुर्ची, आणि त्या खुर्चीवरून घरच्यांचीच सत्ता मर्यादित करणारा निर्णय, असा हा दुर्मीळ प्रकार आहे. म्हणूनच प्रवर्तकाची पत्नी म्हटलं की नाक मुरडायचं, हे मला पटत नाही.

दुसरं टोक म्हणजे लिज्जत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पापडाची कथा सगळ्यांना माहीत आहे. कारभाराची रचना कमी जणांना. पापड लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची सभासद, म्हणजे मालक. पुरुष पगारी नोकर असू शकतो, सभासद नाही. २१ जणींची व्यवस्थापन समिती या लाटणाऱ्या बहिणींमधूनच निवडली जाते. अनुभवी, उच्चशिक्षित, इंग्रजी बोलणारी बाई मंडळासाठी मिळत नाही, ही जी तक्रार २०१५ साली ऐकू येत होती, तिच्या शेजारी ही रचना ठेवून पाहावी.

माणदेशी महिला सहकारी बँकेची हकीकत तर अधिक बोलकी आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक सभासद निरक्षर आहेत, अंगठा उठवणाऱ्या बायकांच्या बँकेला परवाना कसा द्यायचा, हे कारण. बायका गावी परतल्या आणि लिहा-वाचायला शिकू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला जाऊन त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, की आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो; तुमच्या माणसांना यंत्राशिवाय तेवढ्याच वेळात जमतं का ते बघा. १९९७ साली परवाना मिळाला. पात्रतेचा निकष म्हणजे काय, याची ही उलटतपासणी होती. साक्षरतेची अट लावणाऱ्यांना हवी होती ती गोष्ट, म्हणजे पैशाचा हिशेब समजणं, त्या बायकांकडे आधीपासूनच होती.

एक, दोन, तीन

परदेशात या प्रश्नावर सर्वांत कडक कायदा नॉर्वेने केला. २००२ साली तिथला उद्योगमंत्री आन्सगार गाब्रिएल्सन याने वृत्तपत्रातून अचानक मंडळांवर ४० टक्के स्त्रिया हव्यात असं जाहीर केलं. माणूस पुराणमतवादी पक्षाचा, त्यामुळे त्याच्या पक्षालाच धक्का बसला. २००३ मध्ये कायदा झाला आणि २००८ पासून सर्व सार्वजनिक कंपन्यांवर बंधनकारक झाला. नियम मोडणाऱ्या कंपनीला शिक्षा काय? दंड नाही, विसर्जन. प्रमाण सहा-सात टक्क्यांवरून ४० वर आलं. काही कंपन्यांनी सार्वजनिक स्वरूप सोडून खासगी होणं पसंत केलं. काही बायका एकदम अनेक मंडळांवर दिसू लागल्या, त्यांना तिथे ‘सोनेरी घागरे’ असं टोपणनावही पडलं. कंपन्यांच्या मूल्यावर काय परिणाम झाला, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडत आहेत. अहर्न आणि डिटमार यांनी २०१२ मध्ये मूल्य घसरल्याचं दाखवलं, पुढच्या अभ्यासांनी त्यांची पद्धत खोडली. फ्रान्सने २०११ साली टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांचा कायदा केला. युरोपीय संघाने २०२२ च्या निर्देशानुसार जून २०२६ ची मुदत घातली. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये केलेला कायदा मात्र २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने रद्द ठरवला.

नफा वाढतो की नाही, या वादात मला फारसा रस नाही. पुरुष संचालक नेमताना त्याच्या पुरुष असण्याने नफा किती टक्के वाढेल, असं कुणी विचारलं नव्हतं. खरा उपयोगी विचार संख्येचा आहे. रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ सालीच एका अमेरिकन कंपनीचा अभ्यास करून दाखवलं होतं, की गटात पंधरा टक्क्यांहून कमी असलेली माणसं ‘नमुना’ ठरतात. त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्यांचं बोलणं त्यांचं न राहता ‘बायकांचं मत’ होतं, आणि चूक झाली तर तीही साऱ्या जातीच्या नावावर जमा होते. पुढे कॉनरॅड, क्रेमर आणि एर्कुट यांनी २००८ मध्ये संचालक स्त्रियांशी बोलून सांगितलं, की मंडळावर तिघी आल्या की हे थांबतं. एक असली की ती पाहुणी, दोघी असल्या की दोघींचा गट असल्याचा संशय. दहा जणांच्या मंडळावर एक, ही आपल्या कायद्याची किमान पातळी कँटरबाईंच्या रेषेच्या खालीच आहे. सोनिवलीतली अकरांतली दोन, म्हणजे अठरा टक्के, निदान रेषेच्या वर.

सक्तीने आलेल्या बायकांच्या हातून काय घडतं, याचा भरवशाचा पुरावा आपल्याच देशातला आहे, फक्त तो कंपन्यांतला नसून ग्रामपंचायतींतला आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांच्या २००४ च्या अभ्यासात पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या राखीव पंचायतींत खर्चाचा ओघ गावातल्या बायकांच्या गरजांकडे, विशेषतः पिण्याच्या पाण्याकडे वळलेला दिसला. लोरी बीमन आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात तर असं आढळलं, की एकदा-दोनदा बाई प्रमुख झाली की पुरुष मतदारांचा पूर्वग्रह कमी होतो आणि पुढे राखीव नसलेल्या जागेवरही बायका निवडून येऊ लागतात. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी ठेवल्याला २०११ पासून आता बराच काळ झाला. ‘सरपंचपती’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. त्या शब्दाआड किती बायकांनी दुसऱ्या खेपेला नवऱ्याला घरी बसवलं, ते मात्र कुणी मोजत नाही.

निवड प्रत्यक्षात कशी होते

कायद्याने मोठ्या कंपनीत नामनिर्देशन आणि मोबदला समिती असते. तिच्यात स्वतंत्र संचालकांचं वर्चस्व असावं लागतं, जानेवारी २०२२ पासून दोन तृतीयांश. मंडळाच्या वैविध्याचं धोरण आखायचं कामही तिचंच. स्वतंत्र संचालकांची सरकारी माहितीपेढी २०१९ पासून आहे, त्यासाठी परीक्षा आहे. वार्षिक अहवालात आता संचालकांच्या कौशल्यांचा तक्ता छापावा लागतो. यंत्रणा म्हणून हे सगळं ठीक आहे. व्यवहारात मात्र ‘आपल्या ओळखीत कुणी आहे का’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि यादी नंतर बनते. ज्यांना विचारलं जातं त्यांची ओळख महाविद्यालय, क्लब, जुनी नोकरी, बँक यांच्यातून आलेली असते, आणि त्या जागी बायका कमी. वर ‘मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून अनुभव’ असा निकष घातला की यादी चार-पाच नावांवर येते, मग त्याच चौघी-पाचजणी सगळीकडे दिसतात. सेबीने एका व्यक्तीला सातहून अधिक नोंदणीकृत कंपन्यांत संचालक राहता येणार नाही असं ठरवलं, ते बरंच झालं. हिशेब तपासनीस, कामगार कायद्याचे वकील, प्रदूषण नियंत्रणातले तज्ज्ञ, सार्वजनिक रुग्णालयं चालवलेले डॉक्टर अशा जागांवर आज बायका भरपूर आहेत. रसायन कंपनीच्या मंडळाला त्यांतल्या एखादीचा उपयोग निवृत्त बँकरपेक्षा जास्त होईल.

निवडून आल्यावर तिने काय करायचं, याबाबतीत कायदा एका ठिकाणी तिच्या बाजूने उभा आहे. सभेची सूचना किमान सात दिवस आधी मिळायला हवी. इतिवृत्तात विरोधाची नोंद मागता येते. स्वतंत्र संचालकाची जबाबदारी कलम १४९ च्या उपकलम १२ नुसार, मंडळाच्या कामकाजातून त्याला जे कळलं आणि ज्याला त्याने संमती दिली किंवा ज्यात त्याने योग्य दक्षता घेतली नाही, तेवढ्यापुरतीच धरली जाते. म्हणजे इतिवृत्तातली एक ओळ तिला वाचवते. सहकारी संस्थेतही तेच. समितीचे सदस्य निर्णयांना एकत्रित आणि वैयक्तिक जबाबदार असतात, आणि ज्याने विरोध नोंदवला तो वेगळा काढता येतो.

आपल्या कंपनीच्या किंवा जिचे चार शेअर घेतले आहेत त्या कंपनीच्या मंडळावरची बाई खरोखर बसते की नुसती छापली जाते, हे पाहायला फार अभ्यास लागत नाही. वार्षिक अहवालात कारभाराविषयीच्या प्रकरणात एक तक्ता असतो. वर्षभरात सभा किती झाल्या, प्रत्येक संचालक किती सभांना हजर होता, त्याचं प्रवर्तकाशी नातं काय, तो आणखी किती कंपन्यांत आहे, आणि लेखापरीक्षण समितीत आहे की नाही. समितीत असेल तर हिशेब तिच्या डोळ्यांखालून जातात. खासगी कंपनीतल्या संचालिकेला हा तक्ता नसतो, पण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतःचा संचालक ओळख क्रमांक टाकला, की आपण कुठकुठल्या कंपन्यांत आणि कधीपासून संचालक आहोत हे तिला दिसतं. गृहनिर्माण संस्थेचं इतिवृत्ताचं पुस्तक सचिवाकडे असतं, आणि सभासदाला ते पाहायला मागता येतं.